आकडा उतरेपर्यंत

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, धुळ्याच्या मावशीआजीच्या सासरचा विषय निघाला की आजी उठून आत का जाते. तुमच्या आईने लगेच तिकडच्या बर्फाचं बोलणं काढलं. मी सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात काढली आणि वर्गात कुणी हात वर केला तर त्याला गप्प बसवलं नाही. तेव्हा उत्तर देते. क्रमाने देते, म्हणजे राग कुठे कुठे येतो ते तुम्हाला नीट कळेल. तो सौम्य करून लिहिणार नाही.

मावशीआजी ही माझी बहीण, माझ्यापेक्षा खूप लहान. आमची आई गेली तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. ती जळगावला माझ्याच घरी वाढली, तुमच्या आईबरोबर भांडत, तिच्याच वह्या वापरत. तिचं लग्नही मी आणि तुमच्या आजोबांनी करून दिलं. सासर धुळ्याचं. नवऱ्याचं आग्रा रोडवर मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तिला दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यातच पोट सहाव्या महिन्याएवढं दिसायला लागलं. सासूबाई खूश होत्या. जुळं आहे म्हणून त्यांनी आळीभर सांगितलं. हिला मात्र पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. मग एक दिवस अंगावरून लाल जायला लागलं, तशी तिला जळगावला आणून सोडलं. दुखणाईत सून माहेरी पोचवायची, ही तिथली पद्धतच.

जळगावात सोनोग्राफीचं मशीन तेव्हा नुकतंच आलं होतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. आत मूल नव्हतं. द्राक्षगर्भ होता. म्हणजे गर्भ धरतानाच काहीतरी चुकतं, मूल होतच नाही आणि त्याला पोसणारी वार नुसती वाढत सुटते, द्राक्षांच्या घडासारखी. दुसऱ्या दिवशी पिशवी साफ केली. ती वॉर्डात गुंगीत पडली होती आणि तिची सासू, तिचा नवरा आणि मी डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये बसलो होतो.

"बहुतेक बायकांचं हे इथेच संपतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण काही जणींत त्या वारेचे कण अंगात राहून जातात, आणि पुढे त्याचा कॅन्सर होतो. छातीत जातो, मेंदूत जातो. वेळेवर कळलं तर औषधाने पूर्ण बरा होतो. असा बरा होणारा दुसरा कॅन्सर मी पाहिला नाही."

"आणि कळणार कसं?" मी विचारलं.

"रक्तावरून. गरोदर बाईच्या रक्तात एक द्रव्य असतं, ते वार तयार करते. हे कणही तेच तयार करतात. आता पिशवी रिकामी आहे, तर रक्तातला आकडा उतरत उतरत नाहीसा झाला पाहिजे. उतरता उतरता थांबला किंवा परत चढला, की आपण लगेच औषध सुरू करायचं. म्हणून आधी दर आठवड्याला रक्त, मग दर महिन्याला. आणि वर्षभर दिवस राहता कामा नयेत. दिवस राहिले तर आकडा त्यानेही चढेल आणि मूल आहे की आजार, हे आपल्याला कळणार नाही."

नवरा मान डोलवत होता. सासूबाईंनी ऐकलं ते एवढंच, आणि त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या,

"वरीसभर? आन् लोके काय म्हनतीन?"

"लोकांचं रक्त तपासायचं नाहीये, विहीणबाई," मी म्हटलं.

बाहेर पडताना मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे तिला कधी सांगणार?"

"मिस्टरांना सांगितलं ना," त्या म्हणाल्या. अगदी सहज. बाई हुशार, मुंबईला शिकलेली, रात्रंदिवस बायकांसाठी राबणारी. आणि तिलाही वाटत होतं की बाईच्या रक्ताची गोष्ट नवऱ्याला सांगितली की सांगून झाली. इथला राग पहिला. तो डॉक्टरीणबाईंवर आहे आणि त्यांच्याबद्दलच्या आदराने तो कमी झालेला नाही.

संध्याकाळी मीच तिला सगळं सांगितलं, कॅन्सर हा शब्द न गाळता. ती म्हणाली, "म्हणजे अक्का, एवढ्या उलट्या काढल्या त्या द्राक्षांसाठी?" आणि हसता हसता रडायला लागली.

सुरुवातीला सगळं शिस्तीत चाललं. ती दर आठवड्याला धुळ्याहून एसटीने यायची. ही तपासणी जळगावात होत नव्हती. लॅबवाला रक्त काढायचा, गोठू द्यायचा, वरचं पाणी छोट्या बाटलीत घेऊन बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवायचा, आणि थर्मास मुंबईच्या गाडीने जायचा.

"माझं रक्त माझ्यापेक्षा जास्त फिरतं," ती म्हणायची. "मी मेली नाशिकच्या पुढे गेले नाही, आणि हे बघ, दर आठवड्याला मुंबई!"

आकडा उतरत होता. दर वेळी आधीपेक्षा कमी. पण नाहीसा झाला नव्हता. होळीच्या सुमारास तिचं येणं थांबलं. मी शेजाऱ्यांच्या फोनवरून दुकानात फोन लावला, तर नवरा म्हणाला, "अक्का, आता धुळ्यातच सोय झाली. इथेच करतो आम्ही."

"आकडा किती आला?"

"नॉर्मल आहे."

मी इंग्रजीची शिक्षिका. 'नॉर्मल' हा शब्द मला कळतो असं मला वाटत होतं.

कसलीही सोय झाली नव्हती. हे मला नंतर कळलं. सून दर आठवड्याला एकटी एसटीत बसून माहेरच्या गावी जाते, हे आळीला दिसत होतं. आकडा एवढा खाली आला आहे, आता उरलंय काय, असं घरात ठरलं. दिवस राहू नयेत म्हणून डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं सासूबाईंनी तिच्या ट्रंकेतून काढली आणि चुलीत घातली. ती बोलली. ती नवऱ्याजवळ बोलली, रडली, भांडली. तो म्हणाला, "आईचं वय झालंय, तिला दुखवू नको." वय झालेल्या बाईचं मन दुखू नये म्हणून पंचविशीतल्या बाईचा जीव टांगणीला लावायचा, ही समजूतदारपणाची व्याख्या मला कुठल्याच शब्दकोशात सापडली नाही.

मग श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशात कानबाई बसते, हे तुम्ही ऐकून असाल, पाहिलं नसेल. नारळाची देवी, तिला नथ, साडी, दागिने. भाऊबंद एका घरी जमतात आणि देवीचे रोट होतात. त्या रोटांसाठी गहू मोजायची एक रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची. पुरुषाच्या. बायका गहू निवडतात, दळतात, रोट करतात. त्यांच्या नावाची मूठ नसते.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून मी धुळ्याला गेले. सहज, बहिणीला बघायला. ओसरीवर बायका जमल्या होत्या. सासूबाई पोत्यातून मुठी काढून सुपात टाकत होत्या आणि प्रत्येक मुठीला नाव घेत होत्या.

"हाई मोठानी. हाई धाकलानी."

माझी बहीण भिंतीला टेकून बसली होती. चेहरा मेणासारखा. खोकत होती आणि खोकला पदरात दाबत होती. मी तिच्याकडे बघत असतानाच सासूबाईंनी आणखी एक मूठ काढली.

"आन् हाई येनारानी."

बायका खुदकन हसल्या. तिची मोठी जाऊ सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, आता तर फोडलंच तुम्ही!"

"कोण येणारंय?" मी विचारलं.

सासूबाईंचा चेहरा फुलला होता. "नातू शे पोटमा. तीन महिना व्हवावर सांगनार व्हतूत. नजर लागस, अक्का. लघवी तपासी लिनी, पक्कं शे."

म्हणजे पाळी चुकली होती. त्यांनी जवळच्या कुठल्याशा लॅबमध्ये लघवी तपासून आणली होती, ती गरोदरपणाची निघाली होती, आणि तीन महिने कुणाला सांगायचं नाही या रिवाजाप्रमाणे घर तोंड मिटून बसलं होतं. पेढे तेवढे देवघरात लपवून खाल्ले होते. ज्या आकड्यावर आम्हाला दर आठवड्याला डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं होतं, तो चढला होता, आणि या घरात त्याचं बारसं ठरत होतं.

मी सासूबाईंना सगळं पुन्हा सांगितलं. केबिनमध्ये सांगितलं होतं तेच. आजारसुद्धा तेच द्रव्य तयार करतो, लघवीतही तेच उतरतं, आत मूल आहे की नाही हे आधी बघावं लागेल, आजच. बायका ऐकत होत्या. एकदोघींचे हात थांबले.

"तुम्ही शिकेल बाया," सासूबाई म्हणाल्या. "तुमले रगतमा काय काय दखास! नातू नही दखास?"

"विहीणबाई, ती खोकतेय. तिच्याकडे बघा तरी."

"थंडी व्हयनी व्हई. मास्तरीनबाई, सनना दिवस शे, अभद्र बोलू नका."

सुपात ती मूठ वेगळी, कडेला ठेवली होती. मी वाकले, ती मूठ उचलली आणि पोत्यात परत टाकली.

त्या घरात मला यासाठी कधीच माफी मिळाली नाही आणि मी ती मागितलीही नाही. तुमच्या आईला वाटतं, मी तेवढं करायला नको होतं. मी आज त्या ओसरीवर असते तर आजही तेच केलं असतं. माझ्या बहिणीच्या नावाची एक मूठ त्या सुपात नव्हती, आणि तिच्या आत जे वाढत होतं त्याच्या नावाची होती.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. काय काय बोलल्या ते लिहीत नाही. नवरा दुकानातून आला होता, दारात उभा होता. तेवढ्यात माझी बहीण भिंतीला धरून उठली, पदराचं टोक तिने सगळ्यांसमोर उलगडलं. त्यावर रक्त होतं.

"अक्का, खोकल्यातून येतंय," ती म्हणाली. "यांना सांगितलं तर म्हणाले, घसा फुटला असेल. अंगावरूनही जातंय. थोडं थोडं." मग सासूकडे वळून म्हणाली, "आई, मलाही वाटत होतं हो, की मूल असावं. मी पण पेढा खाल्ला."

नवरा म्हणाला, "उद्या कानबाई आहे. विसर्जन होऊ दे. सोमवारी नेतो मी."

"तुम्ही सोमवारी देवी न्या," मी म्हटलं. "हिला मी आज नेते."

तिने आत जाऊन पिशवी भरली. सासूबाई उंबऱ्यात बसून राहिल्या, म्हणजे ओलांडून जावं लागेल. ती ओलांडून आली. नवऱ्याने पिशवी हातातून घेतली, आम्हाला स्टँडवर आणलं, तिला खिडकीशी जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली भरून आणली. सगळं केलं. फक्त गाडीत चढला नाही.

जळगावात पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं. पिशवीत मूल नव्हतं. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर पांढरे गोल डाग होते. रक्त थर्मासमधून मुंबईला गेलं आणि आकडा लाखाच्या वर आला. रिपोर्ट आल्यावर धुळ्याहून नवरा आणि सासू दोघंही आले. पुन्हा तीच केबिन. या वेळी मी तिला आत आणून खुर्चीवर बसवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. "हा आकडा बघा."

नवऱ्याने पाहिला. "मॅडम, आकडा जास्त, म्हणजे मूल जोमदार, असं नसतं का?"

"मूल असतं तर मशीनवर दिसलं असतं."

सासूबाई तयारच होत्या. "मांगनी खेपले बी तुम्हना मशीनले पोर दखायनं नही!"

"मागच्या खेपेलाही मूल नव्हतं, आजी. म्हणूनच दिसलं नाही."

"मशीन बिघडेल शे ते!"

मी हसले असते, जर शेजारच्या खुर्चीवर माझी बहीण रुमालात खोकत नसती. त्यांच्या मते एक मशीन दोनदा बिघडलं होतं, एक्स-रे खोटा होता, मुंबई चुकली होती. आणि खरी होती फक्त ती लघवीची तपासणी, कारण तिने त्यांना हवं ते सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी औषधाचं सांगितलं. इंजेक्शनं, ठरावीक अंतराने. केस गळतील, तोंड येईल, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतील, म्हणून प्रत्येक वेळी आधी त्या मोजायच्या. नर्सने संमतीचा कागद नवऱ्यापुढे ठेवला. "मिस्टर, इथे सही."

त्याने पेन घेतलं आणि खाली ठेवलं. "मी नाही करणार, अक्का. उद्या आत मूल निघालं तर? ते पाप मी घेऊ?"

"आणि ही गेली तर?" मी विचारलं.

"तसं नका ना बोलू," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला त्या पाण्याचा संताप आला. पाण्याने सही होत नाही.

बहिणीने हात पुढे केला. "द्या इकडे."

नर्स डॉक्टरीणबाईंकडे बघायला लागली. "मॅडम, मिस्टरांची लागते ना? किंवा वडिलांची?"

डॉक्टरीणबाईंनी कागद नवऱ्यापुढून उचलून तिच्यापुढे ठेवला. "ती सज्ञान आहे. तिची सही चालते."

चालते! म्हणजे आधीपासून चालत होती. त्या टेबलावर आजवर किती नवऱ्यांनी आणि किती बापांनी सह्या केल्या असतील, आणि त्या बायका कुठल्यातरी बाकावर बसून राहिल्या असतील. सासूबाई तावातावाने निघून गेल्या. तो त्यांच्यामागे गेला. त्याला आईला एसटीत बसवायचं होतं.

पुढचे महिने ती माझ्याकडे होती. आमच्या घरात बाकी कशाला महत्त्व राहिलं नाही, फक्त आकड्याला. रिपोर्ट आणायला आजोबा रिक्षाने जायचे. रिक्षावाला ओळखीचा झाला होता. आजोबांच्या तोंडून सारखं आकडा आकडा ऐकून तो एकदा हळूच म्हणाला, "नाना, तुम्ही मटका कुठल्या बाजारचा खेळता? आमाले बी सांगा." आजोबांनी घरी येऊन ते सांगितलं तेव्हा ती तोंड आलेलं असताना, ओठ फुटलेले असताना हसली. मग म्हणाली, "त्याला सांगा, उतरला की लागतो."

तो उतरला. लाखावरून हजारांत, हजारांवरून शेकड्यांत. खोकला गेला. ती जेवायला लागली, गालांवर रंग आला. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, आता कशाला सुया टोचता, चांगली तर दिसते. पांढऱ्या पेशी फारच कमी झाल्या की डॉक्टरीणबाई इंजेक्शन पुढे ढकलायच्या, आणि नेमक्या तेव्हाच तब्येत विचारायला घर भरून माणसं यायची, लेकरंबाळं, सर्दीपडसं सगळं घेऊन. मी दारातच उभी राहून त्यांना परत पाठवायचे. अक्का फार तुसडी आहे, अशी माझी ख्याती तेव्हा झाली आणि ती मी टिकवली.

मग आकडा अडला. सलग दोन रिपोर्ट जवळजवळ तेच. तिला तर बरं वाटत होतं. वजन वाढलं होतं. नवा एक्स-रेही आधीपेक्षा स्वच्छ होता. डॉक्टरीणबाईंनी मुंबईला आपल्या जुन्या सरांना ट्रंक कॉल लावला, बराच वेळ बोलल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "औषध बदलायचं. हे कडक असेल."

"पण ती चांगली आहे की," मी म्हटलं. मी सुद्धा.

"दिसते चांगली. आकडा अडलाय, म्हणजे आत काहीतरी या औषधाला दाद देत नाहीये. चेहऱ्यावरून ठरवायचं की रक्तावरून?"

एवढं सांगून त्या माझ्याकडे न बघता बहिणीकडे वळल्या आणि तिला विचारलं, "काय करू या?" एवढा एक बदल त्यांच्यात झाला होता. तिने सांगितलं, बदला.

नव्या औषधाने ती खूप आजारी पडली. त्याचं वर्णन करत नाही. आकडा मात्र पुन्हा उतरायला लागला, आणि दिवाळी उलटल्यावर एक दिवस रिपोर्ट आला की रक्तात आता मोजण्याइतकं काही नाही. आजोबा रिक्षातून उतरले तेच रिक्षावाल्याला घेऊन. त्यालाही चहा पाजला.

ही बातमी धुळ्याला कळली आणि दोनच दिवसांत नवरा दवाखान्याच्या व्हरांड्यात हजर. भाड्याची जीप घेऊन. इतके महिने तो येत होता, नाही असं नाही. मोसंबी घेऊन यायचा, तिच्या पायाशी बसायचा, आणि संध्याकाळच्या गाडीने जायचा. त्या दिवशी मात्र जोरात होता.

"अक्का, शून्य आलं. आता न्यायला आलोय."

"अजून काही इंजेक्शनं बाकी आहेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आकडा गेल्यावरही पुढे थोडी द्यावी लागतात."

"शून्य झाल्यावर कशासाठी? शून्याच्या खाली काय असतं?"

"तपासणीला दिसणार नाहीत इतके थोडे कण उरलेले असतात. ते मारायला."

"दिसत नाहीत तर आहेत कशावरून? इतके दिवस तुम्हीच म्हणत होता ना, रक्त काय म्हणतं ते ऐका. आता ऐका की! का आता रक्तावर विश्वास नाही?"

मला कबूल करायला हवं, प्रश्न चांगला होता. एखाद्या मुलाने वर्गात विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. तिथे मात्र माझा तोल गेला. होळीलाही तुम्ही हेच केलंत, म्हटलं. उतरत्या आकड्याला संपलेला आकडा समजलात. गोळ्या जाळल्या. फोनवर मला खोटं सांगितलंत. तो म्हणाला, तुम्ही आमच्या घरात येऊन आमच्या देवीची मूठ फेकलीत. मी म्हटलं, फेकली. तो म्हणाला, आई त्या दिवसापासून जेवत नाही नीट. मी म्हटलं, तिला सांगा, माझी बहीणही जेवत नव्हती. तो म्हणाला, बायको माझी आहे. मी म्हटलं, बहीण माझी आहे. व्हरांड्यातले पेशंट खुर्च्या वळवून बसले होते. एका म्हातारीने तर मला "बरोबर शे, बाई" म्हणून पाठिंबाही दिला.

हे किती वेळ चाललं होतं माहीत नाही. आतलं दार उघडलं आणि बहीण बाहेर आली. डोक्याला रुमाल, दंडावर बाही सरकवलेली, कोपराच्या आत चिकटपट्टीखाली कापूस.

"झालं माझं," ती म्हणाली. "पेशी बऱ्या होत्या आज. इंजेक्शन घेतलं."

आमच्या भांडणात ती कधी उठून आत गेली, हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"तुम्ही जीप परत पाठवा," तिने नवऱ्याला सांगितलं. "बाकीची झाली की मी येईन. मग दर महिन्याला रक्त द्यायला जळगावला येईन. गोळ्या माझ्याजवळ राहतील. आईंना चालणार असेल तर आधी कळवा, नसेल तरी कळवा."

आणि मला म्हणाली, "अक्का, तू पण बास कर. मला मळमळतंय. घरी चल."

तिने सगळी इंजेक्शनं घेतली. नंतर ती धुळ्याला गेली. मला ते पटलं नव्हतं, अजून पटलेलं नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायचं कारणही नव्हतं. ती दर महिन्याला एसटीने यायची, रक्त द्यायची, माझ्याकडे जेवायची आणि परत जायची. आकडा पुन्हा कधी चढला नाही.

इंजेक्शनं संपून ती धुळ्याला निघायच्या आदल्या दिवशी समोरच्या बाई ओटी भरायला आल्या. तिच्या डोक्यावर नुकतेच केस यायला लागले होते, लहान मुलीसारखे. बाईंनी तिला कुंकू लावलं, नारळ दिला आणि माझ्याकडे बघून प्रेमाने म्हणाल्या, "चला, आता सगळं नीट झालं. आता एक गोड बातमी येऊ दे लवकर."

मी म्हटलं, "गोड बातमी येऊन गेली, वहिनी. ही जिवंत आहे."

बाईंना राग आला. त्या चहा न घेता गेल्या.